जिल्हा परिषदेचा पंधरा वर्षांचा आराखडा: आधी चालवण्याचा हिशेब, मग नवी कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका दुष्काळी जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेत पंधरा वर्षांचा विकास आराखडा करायचं घाटतं आहे. प्रशासन म्हणतं, सल्लागार संस्था नेमू. सदस्य आपापल्या गटातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, कामांच्या याद्या घेऊन बसले आहेत. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका सदस्यताईंनी विचारलं आहे की, यातून खरोखर उपयोगी आराखडा व्हायचा तर सुरुवात कुठून करावी?

ताई, माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात आणि नंतर नियोजनाच्या कामात गेली, त्यामुळे माझं उत्तर पैशाच्या बाजूने सुरू होणार. तुमच्या जिल्ह्यात आज ज्या शाळाखोल्या, नळयोजना, दवाखाने, अंगणवाड्या, पाझर तलाव आणि ग्रामीण रस्ते उभे आहेत, ते पुढची पंधरा वर्षं चालते ठेवायला दरवर्षी किती पैसा आणि किती माणसं लागतील, हा पहिला प्रश्न विचारा. या प्रश्नाचं उत्तर कागदावर आलं की बाकीचा निम्मा आराखडा आपोआप ठरतो. ते नसेल, तर कितीही जाड आराखडा झाला तरी ती मागण्यांची यादीच राहते.

आधी खिशात किती आहे ते बघू. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ला सुरू झाल्या, १९६१च्या कायद्याने. त्या काळी देशात इतके अधिकार असलेली जिल्हा संस्था क्वचितच कुठे होती. आज मात्र जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातला बहुतेक पैसा शासनाकडून ठरावीक कामासाठीच येतो आणि त्याच कामावर जातो. पगाराचाच भाग मोठा असतो. सभागृहाला स्वतःच्या मर्जीने वापरता येतो तो सेस, म्हणजे स्वनिधी: जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला हिस्सा, गाळ्यांची भाडी, ठेवींवरचं व्याज. त्यातही २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. उरतं ते ग्रामीण जिल्ह्यात फार नसतं.

दुसरा मोठा झरा जिल्हा वार्षिक योजनेचा, म्हणजे राज्याकडून दरवर्षी जिल्ह्याच्या कामांसाठी मिळणाऱ्या निधीचा. इथे एक गोष्ट नव्या सदस्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही. समजा एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरावीक खात्याखाली, यंदा तुम्हाला १० कोटींचा नियतव्यय, म्हणजे खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम, मिळाला. आधी मंजूर केलेल्या, चालू असलेल्या कामांचं दायित्व, म्हणजे उरलेलं देणं, त्यात ७ कोटींचं आहे. उरले ३ कोटी. नव्या कामांचं नियोजन या शिल्लक रकमेच्या दीडपटीपर्यंत करता येतं, म्हणजे साडेचार कोटींच्या प्रशासकीय मान्यता. त्या साडेचारमधले यंदा भागणार तीनच. उरलेले दीड कोटी पुढच्या वर्षाच्या दायित्वात जाऊन बसतात. मार्चअखेर घाईने मान्यता वाटल्या की पुढची दोन वर्षं गहाण पडतात. म्हणून आराखड्याचं पहिलं पान म्हणजे प्रत्येक लेखाशीर्षाचं आजचं दायित्व. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे हा आकडा असतो. मागितला की मिळतो. बहुतेक आराखडे पहिल्या वर्षापासून नवी कामं सुरू होतील असं धरून चालतात. पहिली दोन वर्षं जुन्यांची देणी फेडण्यातच जाणार, हे सभागृहाला आधीच सांगितलेलं बरं.

केंद्राच्या वित्त आयोगाकडून येणाऱ्या निधीचंही तसंच. चौदाव्या आयोगाने, म्हणजे २०१५ ते २०२० या काळात, सगळा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला काही नाही. पंधराव्या आयोगात पुन्हा तिन्ही स्तर आले. आपल्याकडे ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के वरच्या दोघांना. २०२१-२६ साठी त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यात २०२२मध्ये बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले आणि लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून जिल्हा परिषदेचा हिस्सा अडकला. पंधरा वर्षांत तुम्ही निदान तीन आयोगांच्या अटींतून जाणार. म्हणून माझा आग्रह असतो की आराखडा योजनेच्या नावाने लिहूच नये. स्वजलधारा होती, राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम होता, २०१९ला जलजीवन मिशन आलं. नावं बदलली, गाव तेच राहिलं, आणि कित्येक गावांत तीन योजनांच्या तीन विहिरी आणि दोन टाक्या उभ्या आहेत, ज्यातली एखादीच वापरात आहे. ‘या वस्तीला बारमाही पाणी’ असं लिहा. पैसा कोणत्या शीर्षातून आणायचा ते त्या-त्या वर्षी ठरेल.

पाण्यावर मी जरा जास्त थांबतो, कारण तुमच्या जिल्ह्याचा आराखडा तरला किंवा बुडाला तर तो इथेच.

एका गावाचा हिशेब मांडून बघा. दोन हजार लोकवस्ती, चारशे घरं. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे गावाला रोज १ लाख १० हजार लिटर. विहीर ओढ्याकाठी, टाकी गावठाणाच्या उंचवट्यावर. दहा अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर साधारण ४५ युनिट, महिन्याला साडेतेराशे. युनिटला सहा रुपये धरले तरी बिल आठ हजारांवर जातं. पाणी सोडणाऱ्याचं मानधन, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह आणि पाइपची दुरुस्ती, मधूनच पंपाचं रिवाइंडिंग, आणि दहा वर्षांनी पंप बदलायचा म्हणून थोडं बाजूला, असं सगळं मिळून महिन्याला २५ हजार धरा. चारशेच्या चारशे घरांनी पाणीपट्टी भरली तर घरटी ६२-६३ रुपये. निम्म्यांनीच भरली तर भरणाऱ्यावर सव्वाशे. सव्वाशे मागितले की भरणारेही थांबतात, बिल थकतं, वीज तोडली जाते आणि मार्चमध्ये त्याच गावाचा टँकरचा प्रस्ताव तहसीलला जातो. नळ घरात आहे, टाकी नवी आहे, आणि दारात टँकर उभा आहे.

असं एक गाव म्हणजे वर्षाला ३ लाख. आठशे गावांचा जिल्हा असेल तर २४ कोटी, दरवर्षी, कायमचे. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या जिल्ह्याचे खरे आकडे ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि ग्रामपंचायतींच्या बिलांवरून काढता येतात. हा आकडा सभागृहात एकदा मोठ्याने वाचला गेला पाहिजे. मग चर्चा बदलते: पट्टी वसुली वाढवणाऱ्या ग्रामपंचायतीला जिल्हा परिषद सेसमधून बरोबरीने पैसे देईल का? पाच-सहा गावांमागे एक फिरता इलेक्ट्रिशियन-फिटर ठेवता येईल का? कोणत्या गावांत सौरपंपाने बिल खाली येईल? टँकरवर होणारा खर्च टाळला जातो, हे दाखवून राज्याकडे देखभालीसाठी पैसे मागता येतील का? पंधरा वर्षांच्या आराखड्यातले खरे निर्णय ते हे.

पाण्याच्या स्रोताबद्दल माहिती हवी असेल तर तुमच्याकडे एक अतिशय मोलाचा दस्तऐवज आधीच आहे, आणि त्याकडे कुणी आराखडा म्हणून बघत नाही. तो म्हणजे दरवर्षीचा टंचाई कृती आराखडा. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत गावनिहाय केलेला. मागच्या दहा वर्षांचे टंचाई आराखडे काढायला लावा आणि एका तक्त्यात गावांपुढे वर्षं मांडा. २०१५-१६ आणि २०१८-१९ तर त्यात हवीतच. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो काळ. दहापैकी आठ-नऊ वर्षं यादीत असलेली गावं वेगळी पडतात. तिथे स्रोतच नाही. त्यांना दुसरीकडून पाणी आणावं लागेल किंवा पाणलोटाचं काम मुळापासून करावं लागेल. फक्त पाऊस दगा देतो त्याच वर्षी येणाऱ्या गावांना साठवण वाढवून चालतं. आणि पाऊस चांगला, योजना पूर्ण, तरीही यादीत असलेली गावं ही वरच्या हिशेबातली: चालवणं बिघडलेली. तीन प्रकारांना तीन वेगळी औषधं. सगळ्यांना नवी योजना देणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

या तक्त्याशेजारी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवा. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, पातळी मोजली जाते. आपल्या काळ्या कातळात पाणी मुळातच थोडं मुरतं आणि पटकन उपसलं जातं. त्यामुळे पिण्याच्या विहिरीशेजारी शेतीचे किती बोअर आहेत हा प्रश्न टाळून कोणतीही नळयोजना पंधरा वर्षं टिकत नाही. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, त्यावर पिकं ठरवून आणि शेतीसाठी बोअरला बंदी घालून हे करून दाखवलं. ते सगळं जसंच्या तसं प्रत्येक गावात होणार नाही. पण पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या ग्रामपंचायतीला निवडीत प्राधान्य, एवढी अट तर जिल्हा परिषद घालू शकते.

आता माणसांचा अंदाज. आराखड्यात लोकसंख्येच्या तक्त्याला ‘अपेक्षित वाढ’ म्हणून वर जाणारी रेघ काढायची सवय आहे. हाताशी शेवटची जनगणना २०११ची. आणि त्या जनगणनेतच रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१पेक्षा घटलेली दिसली होती: रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. राज्याचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ होता, म्हणजे पिढी जशीच्या तशी टिकायला लागतो त्याच्या खाली. तुमच्या जिल्ह्यातही काही गावं वाढतील, रस्त्याकाठची आणि तालुक्याच्या आसपासची, आडबाजूची आकसतील. शाळाखोल्या कुठे बांधायच्या याचा निर्णय त्यावर आहे. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीत येतं, तेव्हा पुढच्या सहा वर्षांचा पट आजच समजू शकतो. फक्त तो ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतून काढू नका. बाळंतपणं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात होतात आणि नोंद जन्म झाला तिथे होते. गावची वही रिकामी दिसते. आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या नोंदी घ्या. त्यात घर न् घर असतं.

त्याच नोंदींतून म्हातारी माणसं मोजा. कुठल्याही आराखड्यात हा रकाना मला अभावानेच दिसला, आणि याची मला फार काळजी वाटते. तरुण पुण्याला किंवा संभाजीनगरला, घरी आई-वडील, रक्तदाब आणि मधुमेहाची गोळी महिन्याला लागते, प्राथमिक आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर. आरोग्य केंद्राचा निकष लोकसंख्येवर आहे, सपाट भागात ३० हजारांना एक आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना, उपकेंद्र पाच आणि तीन हजारांना. गावं आकसली तर नवं केंद्र निकषात बसणार नाही, पण गरज वाढलेली असेल. म्हणून इमारतीपेक्षा उपकेंद्रात औषध आणि तिथे बसणारं माणूस यासाठी तरतूद विचारात घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही असंच: दिवाळीनंतर तांड्यावरचा निम्मा पट रिकामा होतो. हंगामी वसतिगृह, मागे राहिलेल्या मुलांचं जेवण, परत आल्यावरचं लसीकरण हे दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारं काम आहे. त्याला दरवर्षी नव्याने प्रस्ताव का लागावा?

रस्त्यांबद्दल थोडक्यात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग तुमचे. प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्याला पाच वर्षं ठेकेदाराची देखभाल असते. सहाव्या वर्षी तो तुमच्या गळ्यात येतो आणि त्यासाठी तरतूद नसते. पुढच्या प्रत्येक वर्षी किती किलोमीटर असे हाती येणार, याची यादी बांधकाम विभागाकडून आजच मिळेल. ती यादी आराखड्यात आली की नव्या रस्त्यांचा आग्रह थोडा निवळतो.

आता सर्वात अवघड भाग: वाटप. सभागृहात समान वाटपाची मागणी येणारच. प्रत्येक गटाला सारखी रक्कम, मग ज्याने-त्याने आपल्या गावांत द्यावी. मी या मागणीला अप्रामाणिक समजत नाही. सदस्याला लोकांपुढे उभं राहायचं असतं आणि गावच्या छोट्या गरजा त्यालाच माहीत असतात. पण सगळाच निधी असा वाटला तर कुणाच्याच गटात पूर्ण काम होत नाही. शंभर ठिकाणी पेव्हर ब्लॉक होतात आणि एकाही ठिकाणी पाणी येत नाही. मला चाललेला मार्ग असा की स्वनिधीचा साधारण तिसरा हिस्सा गटांना सारखा द्यावा आणि उरलेला निकषांवर. निकष चार-पाचच असावेत, आधी ठरावाने मंजूर झालेले असावेत, आणि गुण तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर दिले जावेत. टंचाईची किती वर्षं, वस्तीत अनुसूचित जाती-जमातीची किती घरं, आधीच्या मालमत्तेची देखभाल कशी, पट्टी वसुली किती, अर्धवट काम पूर्ण होतं का. गावाला आपले गुण का कमी हे कळलं की वाद राहतो, पण तो मुद्द्यावर राहतो.

सल्लागार संस्थेला माझा विरोध नाही. नकाशे, रस्त्यांचं मोजमाप, माहिती एका जागी आणणं ही कामं त्यांना जरूर द्या. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडूनही नकाशांची मदत होऊ शकते. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं सामाजिक व आर्थिक समालोचन दर वर्षी निघतं, ते आधी वाचा म्हणजे त्याच माहितीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागणार नाहीत. प्राधान्यक्रम मात्र बाहेरच्या माणसाने ठरवू नये. तो सभागृहाचा अधिकार आहे आणि त्याची जबाबदारीही. करारात एक अट नक्की घाला: सगळी माहिती एक्सेलसारख्या उघड्या स्वरूपात जिल्हा परिषदेला मिळेल. रंगीत पीडीएफमधल्या तक्त्यावर पुढच्या वर्षी कुणालाही बेरीज करता येत नाही.

खालून येणारा भागही आधीच आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’मध्ये प्रत्येक ग्रामपंचायत आराखडा करते आणि तो ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. खरं सांगायचं तर बरेच आराखडे मागच्या वर्षीचेच असतात, थोडे फिरवून. सगळी गावं एकदम सुधारायला जाऊ नका. पंचायत समितीच्या प्रत्येक गणात, म्हणजे मतदारसंघात, दोन गावं निवडा, शिवारफेरी नीट करा, महिला सभा वेगळी घ्या, आणि ती आधी घ्या, म्हणजे तिचे ठराव ग्रामसभेपुढे येतील. जिल्ह्यात पेसा गावं, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातली आदिवासी गावं, असतील तर तिथे ग्रामसभेचा शब्द कायद्यानेच मोठा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून गावाचं नियोजन स्वतः कसं चालतं ते दाखवलंच आहे.

कायद्याची एक बाजू विसरू नका. जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणं हे घटनेच्या २४३ झेडडी अनुच्छेदाने जिल्हा नियोजन समितीचं काम आहे. आपल्याकडे त्यासाठी १९९८चा कायदा आहे. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा परिषदेचा आराखडा तिथे पोचला नाही तर तो कपाटातच राहतो. त्या समितीचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून जातात. तुमच्यातून जे जातील त्यांच्या हातात दहा पानांचा सारांश द्या, तालुकावार, आकड्यांसकट. जिल्हा वार्षिक योजनेच्या पुढच्या वर्षाच्या निधीची मर्यादा राज्यस्तरीय बैठकीत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ठरते, म्हणजे तुमची मागणी दिवाळीच्या सुमाराला तयार हवी. मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या सभेत मागितलेल्या गोष्टीला तोवर उशीर झालेला असतो.

पंधरा वर्षांत तीन सभागृहं बदलतील, मुख्य कार्यकारी अधिकारी तर कितीतरी. आराखडा त्यांच्यानंतर टिकायचा असेल तर तो पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत बांधा, पहिला टप्पा कामानिहाय, दुसरा फक्त क्षेत्रनिहाय, तिसरा केवळ दिशा म्हणून. दरवर्षी ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत आढाव्याचा विषय कायमचा लावणारा ठराव करून घ्या: किती कामं पूर्ण, किती दायित्व उरलं, टंचाईच्या यादीतून किती गावं बाहेर पडली. नवं काम आराखड्याबाहेर घ्यायचं असेल तर कोणतं मागे ठेवलं, ते त्याच ठरावात लिहायचं. आणि सामान्य प्रशासन विभागात दोन-तीन माणसांचा छोटा नियोजन कक्ष मागा, ज्यातला एक तरी कर्मचारी वित्त विभागातून आलेला असेल.

सध्या एवढं करा: पुढच्या स्थायी समितीच्या बैठकीआधी दोन पत्रं द्या. एक वित्त अधिकाऱ्यांना, लेखाशीर्षनिहाय दायित्वासाठी. दुसरं पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्यांना, दहा वर्षांच्या टंचाई यादीसाठी आणि प्रत्येक योजनेच्या वीजबिलाच्या थकबाकीसाठी. दोन्ही उत्तरं लेखी मागा आणि सभेच्या इतिवृत्तात घ्यायला लावा.